प्लेटेला पैसा आहे, छपराला नाही

एक किलोवॉटचा सौर संच छपरावर बसवायला पन्नास हजार रुपये लागतात, असे महाराष्ट्र सरकारने २०२५ साली ‘स्मार्ट’ योजना आखताना धरले. योजनेचे पूर्ण नाव ‘स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप सोलर’. या पन्नास हजारांपैकी तीस हजार केंद्र देणार. उरलेल्या वीस हजारांत राज्याचा वाटा किती, हे घर कोणाचे आहे त्यावर ठरते. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला राज्य साडेसतरा हजार देते, म्हणजे त्याच्या खिशातून अडीच हजार जातात. महिन्याला शंभर युनिटांच्या आत वीज वापरणाऱ्या अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला राज्याकडून पंधरा हजार मिळतात, त्याने पाच हजार घालायचे. शंभर युनिटांच्या आतल्याच इतर ग्राहकांना राज्याचे दहा हजार आणि स्वतःचे दहा हजार. योजनेला राज्याने ६५५ कोटी रुपये ठेवले आणि पाच लाख घरांचे लक्ष्य धरले. दुर्गम भागांना प्राधान्य द्यायचे ठरले, तेव्हा मेळघाट आणि गडचिरोलीच्या जोडीला नंदुरबारचे नाव आले.

सरकारी योजनेचे गणित इतके सरळ क्वचितच असते. एक किलोवॉटमधून दिवसाला सरासरी चार युनिट, म्हणजे महिन्याला एकशेवीसच्या आसपास वीज मिळते. शंभर युनिटांच्या आत राहणाऱ्या घराचे बिल त्यातून जवळजवळ पुसले जाते. पंचवीस वर्षे टिकणारी वस्तू पाच हजारांत! नाही कोण म्हणेल?

नाही कोणी म्हणत नाही. अडते ते अर्जाच्याही आधी.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. सहा तालुके, २०११च्या जनगणनेत साडेसोळा लाखांच्या जवळपास लोकसंख्या आणि त्यात सुमारे ६९ टक्के आदिवासी. पण सौरऊर्जेच्या दृष्टीने पाहिले तर हा एक जिल्हा नाही, दोन आहेत. तापीकाठचा सपाट पट्टा, म्हणजे शहादा, नंदुरबार आणि तळोद्याचा खालचा भाग, हा केळी, ऊस, पपई आणि मिरचीच्या पैशावर उभा आहे. तिथे स्लॅबची घरे आहेत, बँकेत खाते चालू आहे, मुलाच्या मोबाइलवर पोर्टल उघडते. वर सातपुड्यात अक्राणी आणि अक्कलकुव्याचे पाडे टेकड्यांवर विखुरलेले. एका घरातून दुसऱ्या घरी जायचे तर नाला उतरून पुन्हा चढ चढावा लागतो. कुडाच्या भिंती, सागाची खांबणी, वर कौले. त्या कौलांवर पोलादी सांगाडा आणि सोलरच्या प्लेटा चढवायच्या म्हटले की तंत्रज्ञ आधी छपराकडे बघतो आणि मग मालकाकडे.

‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली. ७५,०२१ कोटींची तरतूद, एक कोटी घरांचे लक्ष्य. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी तीस हजार, तिसऱ्याला अठरा हजार आणि त्यापुढे काही नाही. म्हणजे अनुदानाची कमाल मर्यादा ७८ हजार. तीन किलोवॉटपर्यंत तारण न घेता बँकेचे कर्ज, तेही घरकर्जाच्या आसपासच्या व्याजाने. खालच्या पट्ट्यातल्या मध्यमवर्गीय घराला ही योजना उत्तम जुळते. त्याचे बिल मोठे असते, त्यामुळे बचत मोठी होते आणि कर्जाचा हप्ता बचतीतूनच सुटतो. शिवाय अनुदान खात्यावर येईपर्यंत एजन्सीचे पैसे भागवण्याइतकी ऐपत त्या घरात असते. गरीब घराचा हिशेब उलटा आहे. ज्याचे बिलच दीड-दोनशे रुपये, त्याला कोणती बँक कशाच्या भरवशावर कर्ज देणार? सूर्यघर योजनेतली ही फट बुजवण्यासाठीच राज्याला ‘स्मार्ट’ आणावी लागली.

या सगळ्यात स्थानिक स्वराज्य संस्थेची जागा कुठे आहे? सूर्यघर योजनेने ती ठरवून दिली आहे, आणि तिची किंमतही. आपल्या हद्दीत छपरावर संच बसला की ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला प्रत्येक संचामागे एक हजार रुपये प्रोत्साहन मिळते. शहाद्यासारख्या नगरपालिकेने दोन हजार घरे गाठली, तर वीस लाख रुपये होतात. रक्कम वाईट नाही, पण ती दलालीच्या धाटणीची आहे. लोकांना गोळा करा, अर्ज भरून घ्या, हजार रुपये घ्या. पैसा केंद्राकडून ग्राहकाच्या खात्यात जातो, काम महावितरणच्या यादीतली एजन्सी करते आणि सरपंच मधे उभा राहून फॉर्म वाटतो. गावाची तिजोरी या व्यवहारात कुठेच उघडत नाही.

याच योजनेत प्रत्येक जिल्ह्यात एक ‘आदर्श सौरग्राम’ निवडायचे आहे, बक्षीस एक कोटी रुपये. सर्वसाधारण राज्यांत पाच हजारांहून अधिक लोकसंख्येचे महसुली गावच स्पर्धेत उतरू शकते आणि सहा महिन्यांत जिथे सर्वाधिक सौरक्षमता बसेल ते जिंकते. नियम लिहिणाऱ्याच्या मनात पाडा नव्हता, हे उघड आहे. नंदुरबारमध्ये अशी स्पर्धा म्हणजे तापीकाठच्या बागायती गावांची आपसातली शर्यत. जिथे आधीच स्लॅब आहे, बँक आहे आणि बिल मोठे आहे, तिथेच एक कोटी जाणार.

राज्याचे पहिले सौरग्राम म्हणून २०२४ मध्ये गाजलेली मान्याचीवाडी मात्र या साच्यातली नाही. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातली ही वाडी शंभर-सव्वाशे उंबऱ्यांची. तिच्या घरांबरोबरच पाणीपुरवठा आणि पथदिव्यांची वीजही सौर झाली. ग्रामस्वच्छतेची आणि इतर अभियानांची बक्षिसे मिळवत आलेले हे गाव. आधी पंचायतीला सामूहिक कामाची सवय लागली, मग सोलर आले. हा क्रम सरकारी परिपत्रकात पकडता येत नाही, आणि म्हणूनच मान्याचीवाडीचा दाखला सगळीकडे दिला जातो तितका सगळीकडे लागू पडत नाही.

स्थानिक सरकारने स्वतः कर्ज देऊन घराघरांवर सोलर बसवण्याची कल्पना जगात कुठे फळली, हे पाहायचे तर कॅलिफोर्नियात जावे लागते. बर्कली शहराने २००८ मध्ये एक साधी युक्ती काढली. शहराने घरमालकाला संचाचे पैसे द्यायचे आणि ते त्याने वीस वर्षांत घरपट्टीबरोबर फेडायचे. घर विकले तर उरलेले हप्ते नव्या मालकाच्या घरपट्टीत जातात, कारण कर्ज माणसावर नसून वास्तूवर असते. पहिल्या प्रयोगाच्या चाळीस जागा काही मिनिटांत भरल्या, पण प्रत्यक्षात संच बसवले निम्म्याहून कमी घरांनी. पुढे ही पद्धत अनेक राज्यांत पसरली. घरपट्टीची थकबाकी गृहकर्जाच्याही आधी वसूल होते, हे कळल्यावर २०१० मध्ये अमेरिकेच्या गृहकर्ज नियामकाने तिला खो घातला. त्यानंतरही काही ठिकाणी ती चालली आणि तिथे ठेकेदारांनी म्हाताऱ्या, गरीब घरमालकांच्या गळ्यात महागडी कामे मारल्याच्या तक्रारी आल्या. शेवटी लॉस एंजेलिस काउंटीने २०२० मध्ये घरांसाठीचा आपला कार्यक्रम बंद केला.

ही युक्ती अक्राणीत आणली तर? घरपट्टीवर कर्ज चढवायला आधी घर पंचायतीच्या नमुना नंबर ८ मध्ये नोंदलेले हवे. वनहक्काच्या जमिनीवरची आणि वस्तीबाहेरची घरे तिथे पुष्कळदा सापडत नाहीत. जी सापडतात त्यांची वर्षाची घरपट्टी काहीशे रुपये, आणि तीही थकलेली. त्या पट्टीवर पन्नास हजारांचे कर्ज लादण्यात अर्थ नाही. पुणे महापालिका सौर बंब किंवा गांडूळखताचा प्रकल्प करणाऱ्याला मिळकतकरात पाच ते दहा टक्के सवलत देते. ती पुण्यात चालते, कारण तिथे मिळकतकर हजारांत असतो. नंदुरबारच्या पाड्यात दहा टक्क्यांची सवलत म्हणजे चहाचे पैसे.

वीजबिलाचा रस्ता मात्र भारतात चालून झालेला आहे, आणि तोही छोट्या वस्तूसाठी. २०१५ नंतर ‘उजाला’ योजनेत एलईडी बल्ब घरोघर गेले, तेव्हा अनेक राज्यांत सुरुवातीला दहा रुपये भरून बल्ब घरी न्यायचा आणि बाकीचे महिन्याच्या बिलातून फेडायचे, अशी सोय होती. महावितरणच्या ग्राहकांनीही ती वापरली. एकगठ्ठा खरेदीमुळे सरकारला पडणारी बल्बची किंमत तीनशे रुपयांवरून दोन वर्षांत चाळिशीच्या आत आली. घरगुती ऊर्जाबचतीसाठीचा हा मोठा कर्जव्यवहारच होता, पण घेणाऱ्यांपैकी फारशा कोणाला आपण कर्ज घेतले असे वाटलेही नाही. पाच हजारांचा लाभार्थीहिस्सा याच वाटेने, महिन्याला शंभर-सव्वाशे रुपयांनी फेडता आला, तर ‘स्मार्ट’ योजनेतली सर्वांत अवघड पायरी ओलांडता येईल. त्यासाठी सुरुवातीला ते पाच हजार कोणीतरी घालावे लागतील.

ते घालू शकेल अशा थैल्या जिल्ह्यात आहेत, आणि हा भाग सहसा चर्चेत येत नाही.

पहिली थैली जुनी आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाखाली प्रत्येक ग्रामपंचायत आपल्या उत्पन्नाचा पाव टक्का जिल्हा ग्रामविकास निधीत भरते आणि जिल्हा परिषद त्यातून ग्रामपंचायतींना कर्ज देते. बाजारओटे, व्यापारी गाळे, पंचायतीची इमारत अशी कामे त्यातून होत आली. गाळ्याच्या भाड्यातून कर्ज फिटते, म्हणून गाळे. सौर पथदिवे आणि पाणीयोजनेचा सौर पंप यांतूनही पैसा वाचतो, पण वाचलेला पैसा भाड्यासारखा दिसत नाही, आणि ऑडिटरला दिसणाऱ्या गोष्टी आवडतात.

पथदिव्यांचा पैसा किती खरा आहे, हे २०२१ मध्ये राज्यभर कळले. थकबाकीपोटी महावितरणने गावोगावच्या पथदिव्यांची वीज तोडली. सरपंच संघटना रस्त्यावर उतरल्या आणि शेवटी पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून ही बिले भरायला शासनाने मुभा दिली. वित्त आयोगाच्या या निधीपैकी साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले, चाळीस टक्के मोकळे. म्हणजे विकासाच्या मोकळ्या पैशातून जुनी वीजबिले भरली गेली. तेच पैसे दोन-तीन वर्षे आधी सौर दिव्यांत गेले असते तर, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही.

दुसरी थैली खास अनुसूचित क्षेत्राची. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे पूर्ण, तर नंदुरबार आणि शहादा अंशतः पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींच्या कायद्याच्या, क्षेत्रात येतात. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी २०१५ पासून थेट पेसा ग्रामपंचायतींच्या हाती येतो. बोलीत त्याला ‘पेसाचा अबंध निधी’ म्हणतात आणि तो कसा खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. पायाभूत सुविधांपासून वनहक्कापर्यंत त्याची ठरलेली चौकट आहे. पण आजवरचा कल समाजमंदिर, पेव्हर ब्लॉक आणि सौर हायमास्ट यांच्याकडे राहिला. चौकात उंच खांबावर दिवा लागला की उद्घाटन करता येते. घराच्या वळचणीला इन्व्हर्टर बसला तर फीत कुठे कापायची?

याखेरीज ठक्कर बाप्पा वस्ती सुधारणा योजना, जिल्हा नियोजन समितीचा निधी आणि नंदुरबार व तळोदा इथल्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांचा न्यूक्लिअस बजेटचा पैसा आहे. छोट्या वैयक्तिक योजनांसाठी प्रकल्प अधिकाऱ्याला आपल्या पातळीवर मंजुरी देता येईल, एवढी मोकळीक न्यूक्लिअस बजेटमध्ये आहे. पाच हजारांचा हिस्सा बसवायला याहून जवळची जागा शोधून सापडणार नाही.

आणि एक थैली अनपेक्षित जागी उघडली. पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातल्या ग्रामीण घरकुलांना राज्याने २०२५ मध्ये पन्नास हजारांची वाढ दिली. त्यातले पस्तीस हजार बांधकामाला, पंधरा हजार छपरावर सौर संच बसवणाऱ्याला. घरकुलाची मूळ रक्कम डोंगराळ भागात एक लाख तीस हजार. या निर्णयात पहिल्यांदाच छप्पर आणि प्लेट एका हिशेबात आले. सातपुड्यातल्या घराला आधी छप्पर हवे, ते झाले तर प्लेट बसेल. हे डोंगरातल्या कोणालाही ठाऊक होते. योजनांना कळायला वेळ लागला. ऊर्जाबचतीच्या चर्चेत घराचे बांधकाम येते ते इथेच. काँक्रीटचे घरकुल एप्रिल-मेमध्ये कुडाच्या घरापेक्षा जास्त तापते, मग पंखा चोवीस तास फिरतो आणि प्लेटेवरच्या विजेचा मोठा वाटा तिथेच जातो. स्लॅबला पांढरा थर द्यायला फार खर्च येत नाही, पण घरकुलाच्या अंदाजपत्रकात त्याची ओळ नाही.

चुलीची तर गोष्टच वेगळी. डोंगरातल्या घरात सर्वाधिक ऊर्जा लाकडातून येते. त्या बाबतीत जिल्हा परिषदांचा अनुभव सौरऊर्जेपेक्षा पुष्कळ जुना आहे. बायोगॅसचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आला. तेव्हापासून जिल्हा परिषदेचा कृषी विभाग गोबरगॅसचे अनुदान वाटत आला. कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात ही संयंत्रे घरोघर झाली, कारण तिथे गोठ्यात म्हशी आणि आडाला पाणी होते. सातपुड्याच्या उतारावर दोन्हींची वानवा. एकच योजना दोन जिल्ह्यांत दोन तऱ्हेने वागते, हा धडा सोलरच्या आधी चाळीस वर्षे मिळालेला आहे.

सातपुड्याने आपल्या विजेसाठी आपणच पैसा आणि घाम ओतल्याचेही उदाहरण आहे. अक्राणी म्हणजेच धडगाव तालुक्यातल्या बिलगावला २००३ मध्ये उदई नदीच्या धबधब्यावर पंधरा किलोवॉटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. नर्मदा बचाव आंदोलनाच्या पुढाकाराने केरळातल्या तरुण अभियंत्यांनी तंत्र दिले, पाड्यांतल्या लोकांनी श्रमदान केले, बांध घातला, पाइप वाहिले. पुढे ‘स्वदेस’ चित्रपटात गाव उजळण्याचा जो प्रसंग आहे, त्यामागे बिलगावची प्रेरणा होती. २००६च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याने हा प्रकल्प बुडवला. त्याच धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. धरणाने बाधित झालेली राज्यातली ३३ गावे अक्कलकुवा आणि अक्राणीतली. त्या विजेच्या उत्पन्नाचा काही भाग या ३३ गावांच्या घरगुती वीजव्यवस्थेसाठी कायमचा राखून ठेवावा, अशी मागणी कोणत्याही अर्थसंकल्पात बसू शकते. ती भीक नाही, हिस्सा आहे.

तार न पोचलेल्या घरांसाठी २०१७च्या ‘सौभाग्य’ योजनेत दोनशे-तीनशे वॉटचा बॅटरीसह संच होता: पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा, एक प्लग आणि पाच वर्षांची दुरुस्ती. २०२४च्या ‘धरती आबा’ अभियानात आदिवासी गावांसाठी अशाच संचांची तरतूद पुन्हा आली. पीएम जनमनचा मोठा पैसा मात्र कातकरी, कोलाम, माडिया गोंड अशा विशेष दुर्बल जमातींसाठी आहे. नंदुरबारचे भिल्ल, पावरा, मावची आणि कोकणा त्या यादीत नाहीत. जिल्ह्याचे मागासलेपण देशपातळीवर मान्य, पण दिव्याच्या यादीत वेगळी रांग.

त्यात स्थलांतर. दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातकडे जातात, ती होळीला परततात. चार महिने घर बंद, छपरावर प्लेटा चालू. नेट मीटरवर त्यांचे युनिट जमा होतात आणि आर्थिक वर्षाच्या अखेरीस हिशेबात धरले जातात. म्हणजे परत आल्यावर मीटरवर शिल्लक दिसायला हवी. ती दिसते की नाही, हे बिल वाचता येणाऱ्या कोणावर तरी अवलंबून राहते. बिल मोबाइलवर येते आणि मोबाइल उसाच्या फडात असतो. अनुदानाचेही तसेच. शहादा तालुक्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार कार्ड वाटले गेले. अनुदान थेट खात्यावर ही आजची पद्धत त्याच कार्डावर उभी आहे. खाते आधारला जोडलेले नाही म्हणून अनुदान अडकण्याच्या तक्रारी मात्र याही जिल्ह्याला नव्या नाहीत.

सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशात इंदूर महापालिकेने २०२३ मध्ये हरित कर्जरोखे काढले आणि खरगोन जिल्ह्यातल्या जलूद इथल्या साठ मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी जनतेकडून पैसा उभा केला. नंदुरबारच्या चार नगरपालिका किंवा धडगावची नगरपंचायत रोखे काढू शकणार नाहीत, ती त्यांची ताकदच नाही. पण जिल्हा परिषदेने ग्रामविकास निधीतून एक फिरता निधी वेगळा काढला, पेसा गावांच्या ग्रामसभांनी त्यात आपला भाग घातला, बचत गटांच्या ‘उमेद’ अभियानातल्या ग्रामसंघांनी महिला बचत गटांमार्फत पाच-पाच हजार दिले आणि वसुलीही केली, तर कोणताही नवा कायदा लागत नाही. बचत गटांची परतफेड बँकांच्या वसुली अधिकाऱ्यांना हेवा वाटावा अशी असते. हाच निधी संचाच्या दुरुस्तीलाही चालेल. आणि दुरुस्तीचाच प्रश्न पुढे मोठा होणार आहे.

सूर्यघरच्या संचाला बसवणाऱ्याने पाच वर्षे देखभाल द्यायची असते. प्लेटा पंचवीस वर्षे टिकतात. इन्व्हर्टर मात्र दहा वर्षांच्या आसपास बदलावा लागतो, आणि उन्हात, धुळीत, कमी-जास्त दाबाच्या लाइनवर तो त्याआधीही जातो. अक्कलकुव्यातल्या मोलगीच्या वरच्या पाड्यात २०२६ मध्ये संच बसला, तर त्याची मोफत देखभाल २०३१ मध्ये संपेल. त्यानंतर बिघाड झाला तर जवळचा तंत्रज्ञ शहाद्यात किंवा नंदुरबारात, त्याच्या येण्याजाण्याचा दिवस आणि भाडे इन्व्हर्टरच्या किमतीवर वेगळे. आयटीआयमध्ये वायरमनचा अभ्यास केलेली मुले डोंगरातल्या गावांतही आहेत. पंचायतीने अशा दोघांना ठरलेल्या मानधनावर ठेवले आणि सुट्या भागांचा छोटा साठा उपकेंद्रात ठेवला, तर एका पंचायतीला वर्षाला जो खर्च येईल तो चौकातल्या एका सौर हायमास्टच्या किमतीच्या आत बसेल.